गोव्यात १५५६ साली छापखाना आला, मग देवनागरी मराठी पुस्तकाला १८०५ का उजाडलं?

खिळेजुळारी

६ सप्टेंबर १५५६ला गोव्यात छापखाना उतरला. तो निघाला होता ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, पण राहिला जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. सोबत हुआन दे बुस्तामांते हा मुद्रक होता. गुटेनबर्गच्या बायबलला तेव्हा जेमतेम शंभर वर्षं झाली होती. म्हणजे यंत्र, मुद्रक आणि कागद हे सगळं आपल्या किनाऱ्यावर बऱ्यापैकी लवकर आलं. १५६३ साली गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला.

तरीही हिंदुस्थानात देवनागरी खिळ्यांनी, म्हणजे धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांनी, मराठी मजकूर छापला गेला तो १८०५ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला. तिथल्या मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण आणि मत्तयाचं शुभवर्तमान, दोन्ही त्याच वर्षीची. मधे २४९ वर्षं गेली.

छपाईबद्दल लिहिताना आपण 'यंत्र आलं आणि ज्ञान सर्वांना खुलं झालं' असं एका दमात लिहून जातो. मराठीच्या बाबतीत हे वाक्य टिकत नाही. माझ्या मते अडचण यंत्राची नव्हतीच, खिळ्यांची होती. खिळे कोण पाडणार, त्याचे पैसे कोण देणार आणि ते कुठल्या मजकुरासाठी देणार, यावरून मराठीत कुणी काय वाचायचं ते ठरलं.

ढोबळ हिशेब असा. ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे ४०८. त्यात स्वर घाला. मग क्ष, ज्ञ, त्र, श्र, क्त, द्ध, ष्ट, ह्म अशी जोडाक्षरं, रफार, अनुस्वार, आकडे, दंड. प्रत्येक आकृतीला स्वतंत्र खिळा द्यायचा तर सहाशेच्या खाली येणं अवघड. रोमनला मोठी-लहान लिपी, आकडे, चिन्हं सगळं धरून दीडशेच्या आत भागतं.

जाणकारांनी भर घालावी. शक्यतो तपशिलासकट: कुठे काय अडलं, कसं सुटलं, आणि त्यामुळे वाचकाच्या हातात काय पडलं.

---

रायतूरकर

तुमचा सहाशेचा हिशेब फादर थॉमस स्टीफन्स या गोव्यातल्या इंग्रज जेझुइट पाद्र्यानेही मांडला होता. १६०८च्या पत्रात तो रोमला वरिष्ठांना कळवतो की इथल्या भाषेत आणि इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी त्याची फार वर्षांची इच्छा आहे, पण सहाशेच्या आसपास साचे ओतणं अशक्य वाटतं. युरोपात चोवीसांत काम होतं. त्याच पत्रात तो मलबारचा दाखला देतो, कारण तिथे हे जमलं होतं. कोल्लमला १५७८ साली 'तंबिरान वणक्कम' तमिळ खिळ्यांनी छापलं गेलं.

तमिळला जमलं ते आपल्याला का नाही, याचं उत्तर लिपीतच आहे. तमिळला व्यंजनं १८, महाप्राण नाहीत, आणि जोडाक्षर अक्षरावर अक्षर चढवून न लिहिता टिंब देऊन शेजारी लिहिता येतं. बऱ्याच स्वरखुणाही व्यंजनाच्या मागेपुढे सुट्या उभ्या राहतात. म्हणजे ही लिपी सुट्या खिळ्यांना आपसूक सोयीची. देवनागरीत उकार खाली लोंबतो, मात्रा वर चढते, वेलांटी पुढच्या अक्षरावर कमान टाकते.

शेवटी स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी रोमन. ट, ड, ण, ळ दाखवायला रोमन अक्षर दुहेरी लिहायचं अशी सोय केली होती. पुढे १६४९ आणि १६५४ला आणखी आवृत्त्या निघाल्या. त्याचं कोकणी व्याकरणही रायतूरलाच १६४०मध्ये छापलं गेलं. १६७४च्या सुमारास गोव्यातली छपाई थांबली ती थेट १८२१पर्यंत. मधे १६८४ला तर तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोला असं फर्मान निघालं.

आता यातली सर्वांत बोलकी गोष्ट. 'क्रिस्तपुराणा'च्या त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या नकलांवर. १९०७ची मंगळूरची आवृत्ती अशा हस्तलिखितांवरूनच तयार झाली. म्हणजे छापलेलं पुस्तक पुन्हा पोथी झालं. छापखाना बंद पडला की छपाईने दिलेलं सगळं परत जातं, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

एक पुरवणी: देवनागरी अक्षरं कागदावर छापून उमटली ती १८०५च्याही आधी. १६७८च्या 'होर्तुस मलाबारिकुस' या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या वैद्यांचं कोकणी प्रमाणपत्र नागरीत आहे. पण ते ताम्रपटावर कोरलेलं चित्र, खिळे नव्हेत. रोमला १७७१पर्यंत देवनागरी खिळे तयार झाले होते, पण ते मिशनऱ्यांच्या अभ्यासापुरते.

---

बखरवाचक

मुंबई-सुरतेकडचा एक प्रयत्न इथे यायलाच हवा. भीमजी पारेख या सुरतेच्या व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला तो स्वतःच्या खर्चाने. आपले प्राचीन ग्रंथ छापावेत हा हेतू. १६७४ला हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईत आला. पण तो जुळणी आणि छपाई जाणणारा. ठसे कोरणं, खिळे ओतणं हे त्याचं कामच नव्हे. भीमजींनी मग ओतारी मागितला, आपल्या माणसांकडून अक्षरं पाडून घ्यायचा प्रयत्न केला. पुस्तक काही उभं राहिलं नाही. धागाकर्ते म्हणतात तेच इथे दिसतं: यंत्र होतं, पैसा होता, ठसे कोरणारा हात नव्हता.

दुसरा प्रयत्न पेशवाईतला. नाना फडणविसांनी पुण्यातला इंग्रज वकील मॅलेट याच्या उत्तेजनाने गीतेचे तांब्याचे पत्रे कोरवून घ्यायला सुरुवात केली. १८००मध्ये नाना गेले, काम अर्धवट राहिलं. तो कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५मध्ये तिथे गीता छापली गेली. श्रीरामपूरचं मराठी व्याकरणही त्याच सालचं. फरक एवढाच की पत्र्यावर गीता कोरली की तो पत्रा गीतेचाच. त्यातलं एक अक्षरही उचलून दुसऱ्या पुस्तकाला लावता येत नाही. खिळ्यांचा खर्च मात्र पुढच्या शंभर पुस्तकांवर वाटला जातो.

श्रीरामपूरला हात सापडला तो पंचानन कर्मकार यांचा. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली ठसे कोरायला शिकलेला हा लोहारकाम जाणणारा माणूस. नागरीचा जो संच तिथे सुरू झाला त्यात सुमारे ७०० आकृत्या होत्या. पंचानन वारल्यावर जावई मनोहर यांनी काम पुढे नेलं. म्हणजे स्टीफन्सच्या पत्राला दोनशे वर्षं होत आली तरी खिळ्यांची संख्या कमी झालेली नव्हती. बदललं ते इतकंच की आता कारागीर होता आणि मिशनची तिजोरी होती.

तंजावरही विसरू नये. सरफोजी राजांच्या छापखान्यातून १८०६ला 'बालबोध मुक्तावली' निघाली, इसापनीतीचं मराठी रूप. महाराष्ट्राबाहेरची ही दोन ठिकाणं पुण्या-मुंबईच्या आधी मराठी छापत होती.

---

अक्षरओत

ठसा म्हणजे नेमकं काय काम असतं ते लिहितो, म्हणजे ७०० या आकड्याचं वजन कळेल.

मऊ केलेल्या पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. आतली पोकळी आधी दुसऱ्या छोट्या ठशाने ठोकून काढतात, बाहेरची कड कानशीने. मधेमधे टोक दिव्याच्या काजळीत धरून कागदावर दाबून बघतात. अक्षर मनासारखं झालं की कांडीला पाणी देऊन ती कडक करायची. मग तांब्याच्या तुकड्यात ठोकून खोलगट साचा घ्यायचा, त्याच्या बाजू घासून खोली आणि कल सारखा करायचा. हा साचा हातातल्या ओतणीला लावून वितळलेला धातू ओतला की खिळा. धातू शिसं, अँटिमनी आणि थोडं कथील यांचा. शिसं एकटं वापरलं तर खिळा चेपतो. अँटिमनीने कडकपणा येतो आणि थंड होताना आकुंचन कमी होतं, म्हणून कड स्वच्छ येते. ती कमी पडली तर हजारभर कागदांतच अक्षराची टोकं बोथट होतात, जास्त झाली तर खिळा काचेसारखा तुटतो.

चांगल्या कारागिराचा दिवसाला एक ठसा धरला तरी ७०० ठशांना सुट्या धरून दोन-अडीच वर्षं जातात. हे एका आकाराच्या अक्षरांचं. टिपांसाठी लहान आकार हवा तर सगळं पुन्हा.

खिळ्यांची संख्या कमी करायचे दोन मार्ग पुढे आले. डिग्री पद्धतीत व्यंजन लहान अंगावर ओतायचं, मात्रा आणि उकार वेगळे ओतायचे, आणि एक ओळ तीन पट्ट्यांत जुळवायची. 'मुलगे' हा शब्द घ्या. मधल्या पट्टीत म, ल, ग. खालच्या पट्टीत म-खाली उकार, पुढे पोकळी. वरच्या पट्टीत म आणि ल-वर पोकळी, ग-वर मात्रा. पोकळ्या जोडून घेतल्या तरी तीन अक्षरांना सात तुकडे झाले. एखादी पोकळी केसभर कमी भरली की मात्रा सरकते आणि 'मुलगे'ची मात्रा ल आणि ग यांच्या मधे लोंबते. शिवाय शिरोरेषा आणि मात्रेमधे फट दिसते ती वेगळीच.

अखंड पद्धतीत 'मु', 'ल', 'गे' असे तीनच खिळे उचलायचे. छपाई देखणी, जुळणी वेगवान, पण खणांची संख्या भरमसाट. जुळाऱ्यापुढे एकाऐवजी तीन-चार केसी (खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या) उभ्या राहतात आणि कुठला खण कुठे हे पाठ व्हायलाच कितीतरी महिने जातात.

मुंबईच्या ओतशाळांनी यातून मधला रस्ता काढला. उभ्या काठीच्या व्यंजनांची काठी काढून अर्धी अक्षरं ओतली: ग्, त्, न्, स्, म्. जोडाक्षराला वेगळा खिळा न लागता अर्धं अधिक पूर्ण एवढ्यात भागू लागलं. वेलांटी आणि रफार खिळ्याच्या अंगाबाहेर झुकवून ओतले, म्हणजे ते शेजारच्या अक्षरावर टेकतात. या झुकलेल्या भागाखाली आधार नसतो, त्यामुळे दाब वाढला की पहिला बळी तोच. जुन्या पुस्तकात वेलांटीची कमान तुटून नुसती काठी उरलेली दिसते ती यामुळे. वाचणाऱ्याला तिथे 'की'चा 'का' दिसतो.

---

खिळेजुळारी

अक्षरओत, याला एक जोड देतो. खिळे थोडे असले की काय होतं? आठ पानं जुळवायची, प्रूफ काढायचं, छापायची, खिळे सुटे करून एकेक पुन्हा खणात टाकायचे, मग पुढची आठ पानं. जुळलेली पानं बांधून ठेवणं परवडत नाही. म्हणून दुसरी आवृत्ती म्हणजे नव्याने जुळणी आणि नव्या चुका. सुरुवातीच्या मराठी पुस्तकांत आवृत्त्यांगणिक पाठ बदललेला दिसतो त्याचं हे एक साधं कारण आहे. पाठभेद म्हणून त्यावर फार मोठे तर्क बांधू नयेत.

मुंबईचा क्रमही नोंदवतो. अमेरिकन मिशनने कलकत्त्याहून खिळे आणून १८१७ला मराठी छपाई सुरू केली. तिथेच टॉमस ग्रॅहॅम ठसे कोरायला शिकला आणि त्याने पाडलेल्या अक्षरांनी मुंबईचं वळण घडलं. १८२२ला 'पंचोपाख्यान' निघालं. ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' हे वृत्तपत्र.

---

शिळाप्रेस

इथपर्यंत सगळी चर्चा खिळ्यांची झाली. पण १८२५ ते १८६० या काळात मराठी वाचकाच्या हातात जे पडलं त्यातलं कितीतरी शिळाछाप होतं. खिळ्यांची सगळी अडचण शिळेने एका झटक्यात बाजूला सारली.

जर्मनीत सेनेफेल्डरने १७९०च्या दशकाच्या शेवटी शोधलेली ही पद्धत. बारीक कणांचा चुनखडीचा दगड, दोन ते चार इंच जाड. त्यावर दुसरा दगड, मधे वाळू आणि पाणी घालून घासून सपाट करायचा. लेखक खळीचा हात दिलेल्या कागदावर मेणचट शाईने नेहमीसारखं सुलटं लिहितो. तो कागद ओला करून दगडावर उपडा दाबला की अक्षरं उलटी होऊन दगडावर उतरतात. मग डिंकाच्या पाण्यात नत्राम्लाचे थोडे थेंब घालून दगडावर फिरवायचं. अक्षराबाहेरचा दगड पाणी धरून ठेवतो, अक्षर फक्त तेलकट शाई धरतं. प्रत्येक छापाआधी ओल्या फडक्याचा हात, मग शाईचा रूळ, मग कागद, मग दाब.

काय बिघडतं? आम्ल जास्त झालं तर बारीक रेघा, विशेषतः अनुस्वार आणि वेलांटीचं टोक, खाऊन जातात. कमी झालं किंवा फडकं कोरडं पडलं तर दगड मोकळ्या जागेतही शाई धरतो आणि पान करडं होतं. दाब जास्त पडला तर अक्षर पसरून 'घ' आणि 'ध'ची पोटं भरतात. उन्हाळ्यात दगड छापता छापताच सुकतो.

पण फायदा बघा. ठसा नाही, ओतणं नाही, जुळारी नाही. चांगल्या हाताचा एक लेखक पुरे. हे लेखक आपल्याकडे गावोगाव होते, पोथ्या उतरवून पोट भरणारे. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या. दिवसाला दीडशे उतरवल्या तर एका प्रतीला दोन महिने. तोच लेखक तेवढेच दोन महिने छापाच्या कागदावर लिहील तर शेकड्यांनी प्रती. जांभेकरांनी १८४५ला ज्ञानेश्वरी छापली ती शिळाछापच. आडवी पानं, ठसठशीत बाळबोध वळण, लाल-काळी चौकट, हे सगळं जसंच्या तसं ठेवता आलं. वाचकाला ती 'पोथी'च वाटली आणि म्हणून ती देव्हाऱ्याजवळ ठेवली गेली.

शाईचा मुद्दा लोक घाईने 'अंधश्रद्धा' म्हणून निकालात काढतात. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३च्या 'मुंबईचे वर्णन'मध्ये लिहून ठेवलंय की तेव्हाही पुष्कळ नैष्ठिक लोक छापील कागदाला शिवत नसत. त्या भीतीला वस्तुस्थितीचा आधार होता. शिळेच्या लेखनशाईत मेण, साबण, लाख, काजळी आणि जनावराची चरबी असे. खिळ्यांच्या छपाईतली शाई जवसाच्या उकळलेल्या तेलाची आणि काजळीची, पण ती लावायला आधी कातडी गोळे आणि नंतर सरस-काकवीचे रूळ. सरस म्हणजे कातडं-हाडं शिजवूनच. म्हणून धार्मिक पोथ्यांना 'तुपाची शाई' वापरल्याचं आवर्जून सांगितलं जाई. गिऱ्हाइकाचा आक्षेप ऐकून घेऊन माल बदलणारे मुद्रक होते, म्हणूनच ही दारं उघडली.

---

पंचांगी

शिळाप्रेस, गणपत कृष्णाजींचं नाव राहिलं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले हे भंडारी समाजातले गृहस्थ. १८३१ला त्यांनी पहिलं छापील मराठी पंचांग काढलं, शिळेवर. शाईसुद्धा स्वतः खपून तयार केलेली. पुढे खिळेही पाडले.

पंचांगच का, हे समजून घेण्यासारखं आहे. एक, मागणी ठरलेली: वर्षाला एक, दरवर्षी, गावोगाव. दोन, मजकूर जवळपास सगळा कोष्टकांचा. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण, त्यांच्या घटका-पळं. खिळ्यांनी असं पान जुळवायचं तर प्रत्येक रकान्यात पितळी रेघा बसवायच्या, आकड्यांचे खिळे ढिगाने हवेत, आणि एक आकडा निसटला की सगळा रकाना खाली-वर. दगडावर रेघा ओढल्या की झालं. तीन, मुदत कडक. पंचांग गुढीपाडव्याआधी विकलं गेलं नाही तर ते रद्दी. खिळे ओतून होईपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं.

परिणाम मोठा. तोवर गावचा जोशी हाताने उतरवलेलं पंचांग घरोघर वाचून दाखवी आणि ते त्याच्यापाशीच असे. छापील पंचांग दुकानदाराच्या गल्ल्यावर आलं. मुहूर्त विचारायला लोक जोश्याकडे जात राहिलेच, पण आज तिथी कोणती आणि एकादशी कधी हे विचारायला जायची गरज संपली. शिवाय दोन पंचांगांत फरक पडला तर तो आता शेजारी शेजारी ठेवून दिसू लागला. केरो लक्ष्मण छत्रे यांनी पुढे गणित सुधारून जे पंचांग काढलं, त्यावरचे वाद एवढे गाजले ते छापील प्रती सर्वांपुढे होत्या म्हणून.

---

मोडीवाचक

दोन गोष्टी मांडतो. दोन्ही वाचायला 'येणं' म्हणजे काय याच्याशी जोडलेल्या आहेत.

पहिली, शब्दांमधली मोकळी जागा. जुन्या पोथ्यांत ओळ सलग लिहिलेली असते, शब्द तोडलेले नसतात. कुठे शब्द संपतो हे ज्याला पाठ आहे किंवा गुरूने दाखवलंय त्यालाच कळतं. खिळ्यांच्या जुळणीत ओळीची लांबी सारखी करायला मधे पोकळ्या घालाव्याच लागतात, आणि त्या शब्दांमधेच शोभतात. त्यात मेजर कँडी यांनी विरामचिन्हं रुळवली, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ला आलं, मोल्सवर्थचा कोश १८३१ला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ला. माणूस एकटा बसून, कुणी न शिकवलेला मजकूर मनात वाचू शकतो ही सोय या सगळ्यातून आली. पुस्तक स्वस्त होणं जितकं महत्त्वाचं, तितकंच हे.

दुसरी गोष्ट नुकसानीची. मराठीचा रोजचा व्यवहार मोडीत चाले: जमाखर्च, पत्रं, वतनाचे कागद. कॅरीचा १८१०चा मराठी कोश मोडी खिळ्यांत आहे, श्रीरामपूरहून मोडीत आणखीही पुस्तकं निघाली. पण मोडीचा सगळा वेग हात न उचलण्यात. अक्षर मागच्या-पुढच्याला जोडलेलं आणि जोडणीप्रमाणे आकार बदलणारं. ती सुट्या खिळ्यांत कापली की तिचा फायदा जातो आणि खर्च मात्र राहतो. मुंबईत शाळाखात्याची पुस्तकं बाळबोधेत निघाली आणि मोडी कचेरीत व शिळाछाप कित्त्यांत उरली. त्यामुळे आज कुणीही सातशे वर्षांपूर्वीची ओवी छापील पुस्तकात वाचू शकतो, पण दीडशे वर्षांपूर्वीचं जमिनीचं खत वाचायला जाणकार शोधावा लागतो. दप्तरखान्यांत लाखोंनी कागद आहेत आणि ते वाचणारे मोजके. मोडी शिकायला महिना-दीड महिना पुरतो. नियमित सराव करावा, हे कळकळीने सांगतो.

---

बखरवाचक

'सर्वांना खुलं' कुणासाठी झालं, यावर थोडं.

सुरुवातीच्या खिळ्यांचे पैसे दिले ते मिशनने आणि सरकारने, म्हणून आधी छापलं गेलं शुभवर्तमान, कोश, अंकगणित, नीतिकथा. तुकारामाची गाथा सरकारी मदतीने १८६९ आणि १८७३ला दोन खंडांत इंदुप्रकाश छापखान्यातून आली. विष्णु परशुराम पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केलेली. त्यासाठी मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले होते. वारकऱ्यांच्या वह्यांत विखुरलेले अभंग एका जागी, क्रमांकासकट मिळू लागले. अमुक क्रमांकाचा अभंग म्हणून बोट ठेवता येणं ही चर्चेची फार मोठी सोय आहे.

त्याच वेळी छपाई स्वस्त होत गेली आणि ज्यांच्यामागे ना मिशन ना सरकार, अशांनाही ती आवाक्यात आली. जोतीरावांची 'गुलामगिरी' १८७३ची. कृष्णराव भालेकरांचं 'दीनबंधु' १८७७चं. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ला पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. बुलढाण्याच्या एका बाईने लिहिलेलं इतकं जळजळीत पुस्तक हाताने उतरवून कुणी पसरवलं असतं असं मला वाटत नाही. ५०० प्रती हा आकडा लहान आहे, पण त्या सगळ्या एकाच वेळी नाहीशा करता येत नाहीत.

सरकारलाही हे कळत होतं. १८६७च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रक, प्रकाशक आणि ठिकाण छापणं बंधनकारक झालं, प्रती सरकारजमा करणं आलं, आणि त्यावरून तिमाही याद्या निघू लागल्या. हेतू नजर ठेवण्याचा, पण एकोणिसाव्या शतकात मराठीत काय छापलं गेलं ते आज आपल्याला कळतं ते मुख्यतः या याद्यांवरून. १८७८चा कायदा तर फक्त देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवरच होता. इंग्रजी पत्रं त्यातून मोकळी.

वाचनालयांचाही वाटा मोठा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, पुण्याचं १८४८चं. विकत घेणाऱ्यांपेक्षा तिथे बसून वाचणारे आणि वाचून दाखवलेलं ऐकणारे कितीतरी जास्त.

---

अक्षरओत

शेवटचा टप्पा मी भरतो. जावजी दादाजी (१८३९–१८९२) हेही अमेरिकन मिशनच्या छापखान्यात तयार झालेले. १८६४ला स्वतःची ओतशाळा, १८६९ला निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेले ठसे हे निर्णयसागरच्या नावलौकिकाचं मूळ. जाडी-बारीकीचं प्रमाण, शिरोरेषेची सलग जोड आणि उघडी पोटं यामुळे लहान आकारातही अक्षर वाचता येई, म्हणून एका पानात जास्त मजकूर बसे आणि किंमत उतरे. 'काव्यमाला' १८८६पासून निघू लागली आणि संस्कृत काव्यं विद्यार्थ्याला परवडू लागली. काशीपासून दक्षिणेपर्यंत पंडित निर्णयसागरची प्रत मागत, ती शुद्धतेसाठी. तिथे प्रूफं शास्त्री तपासत.

ओतशाळा स्वतःची असण्याचं महत्त्व यातच आहे. खिळा झिजला की त्याच संध्याकाळी नवा ओतता येतो. बाहेरून खिळे मागवणारा छापखाना तुटक्या वेलांट्यांवर वर्ष काढतो.

पुढे यंत्रजुळणी आली आणि स्टीफन्सचाच प्रश्न परत उभा राहिला. लायनोटाइप या कळा दाबून ओळ ओतणाऱ्या यंत्राच्या कळा ९०. टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्यावर बरंच काम केलं होतं, सावरकरांनी अि, अी, अु, अू ही अ-ची बाराखडी सुचवली. १९५३च्या लखनौ परिषदेत ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायचा प्रस्ताव आला आणि लोकांनी तो चालू दिला नाही. माझं मत स्पष्ट आहे: लिपीला यंत्राच्या मापात कापणं चुकलं. अि-अी वळणाने इ, ई, उ, ऊ, ए, ऐ एवढेच खण वाचत होते. खरी संख्या जोडाक्षरांत होती.

---

पोथीशोधक

सगळे प्रतिसाद वाचले, फार उपयोगी. एक व्यावहारिक प्रश्न: घरातली जुनी पोथी शिळाछाप की खिळाछाप, हे कसं ओळखावं? मुखपृष्ठ नसलं तर?

---

शिळाप्रेस

पोथीशोधक, भिंग घ्या आणि पान तिरप्या उजेडात धरा.

पानाच्या मागच्या बाजूला बोटाला किंवा नजरेला अक्षरांचा उठाव जाणवला तर खिळे. दगड सपाट असल्याने शिळाछापात मागे उठाव येत नाही. मात्र फार घट्ट दाबून बांधलेल्या पोथीत हा उठाव बसून गेलेला असतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

एकाच पानावरचे पाच-सहा 'क' शोधा. खिळे असतील तर ते तंतोतंत सारखे असतात, एखादा तुटका 'क' चार-आठ पानांनी पुन्हा त्याच तुटीसह भेटतो. शिळाछापात प्रत्येक 'क' थोडा वेगळा, आणि ओळीच्या शेवटी जागा कमी पडली की अक्षरं दाटीने लिहिलेली.

शिरोरेषा बघा. खिळ्यांत अक्षरागणिक बारीक खंड दिसतो, मात्रा आणि शिरोरेषेत फट असते. शिळेत रेघ एका हाताने ओढलेली, सलग. अक्षराच्या कडेला शाई किंचित जास्त जमून मधे फिकी असेल तर ती खिळ्यांची खूण. शिळेची शाई सगळीकडे सपाट.

समासाची पानं आणि शेवटचं पान नीट तपासा. पुष्पिकेत, म्हणजे पोथीच्या अखेरच्या नोंदीत, छापखान्याचं नाव आणि शके बहुधा तिथेच सापडतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौष-माघ-फाल्गुनातली छपाई असेल तर ७९ धरावे लागतात.

आणि फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो आणि पुढे पट्टी काढताना अक्षरं सोबत येतात. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची ताजी खळ, एवढंच वापरा. खळीत मोरचूद घालून ठेवायची जुनी रीत किडीला चालते, पण कागदाला डाग पाडते, ती टाळा.